ड्रायव्हर कधी बदलावा?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींचा गैरसमज झाला असेल, तर दोष माझा आहे. खुद्द व्याख्यानमालेच्या चालकांचाही तो झाला होता. विषय कळवल्यावर त्यांच्यापैकी एकांनी मोठ्या आपुलकीने मला विचारले, "का हो सर, गाडीवरचा माणूस सोडून गेला की काय?" माझी गाडी मीच चालवतो, आणि माझ्या घरच्यांचे मत विचाराल तर तिथला ड्रायव्हर फार पूर्वीच बदलायला हवा होता. परंतु आज मी बोलणार आहे तो ड्रायव्हर निराळा. गोल्फच्या खेळात पहिला आणि सर्वांत लांबचा टोला ज्या काठीने मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. ही काठी कधी बदलावी, का बदलावी, आणि मुख्य म्हणजे कधी बदलू नये, हा आजचा विषय.

गोल्फ हा मूठभरांचा खेळ आहे, हे मला ठाऊक आहे. आपल्या देशात तो इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब समजला जातो. तेव्हापासून साहेबाचा खेळ हा शिक्का त्याच्यावर बसला तो अजून पुरता पुसलेला नाही. पण याच देशात, दिल्लीच्या मैदानावर इतरांच्या काठ्या वाहणारा अली शेर नावाचा तरुण १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकून गेला, हेही विसरून चालणार नाही. शिवाय मी जो प्रश्न घेऊन उभा आहे तो केवळ गोल्फवाल्यांचा नाही. सुताराला आपला रंधा कधी टाकावा हे ठरवावे लागते, गृहिणीला शिलाईचे यंत्र दुरुस्त करावे की नवे घ्यावे हे ठरवावे लागते, तबलजीला पुडी कधी बदलावी हे कानाने ओळखावे लागते. काम बिघडले की दोष हत्याराचा की हाताचा, हा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. मी तो गोल्फच्या काठीपुरता सोडवून दाखवणार आहे. आपापल्या हत्याराला तो लावून पाहण्याचे काम आपले.

प्रथम हा ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. साधारण पंचेचाळीस इंच लांबीचा दांडा, वर रबराची मूठ आणि खाली डोके. हे डोके आजकाल आतून पोकळ असते आणि त्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरपर्यंत असू शकते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून किंचित कमी. वजन मात्र जेमतेम दोनशे ग्रॅम. समोर चेंडूला भिडणारा जो सपाटसा भाग असतो, त्याला आपण तोंड म्हणू. हे तोंड सरळ उभे नसते; ते नऊ ते बारा अंश मागे कललेले असते. या कलाला लॉफ्ट म्हणतात. पुढे या शब्दाशी आपली गाठ पडणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवावा. चेंडूचे वजन सुमारे ४६ ग्रॅम. डोके आणि चेंडू यांचा सहवास सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका. एवढ्या अवधीत जे व्हायचे ते होऊन जाते, आणि चेंडू दोनशे यार्ड पलीकडे कुठे पडेल याचा निकाल लागून चुकतो. यार्ड म्हणजे आपला कापड मोजायचा वार.

आता थोडा इतिहास. कारण काठी कधी बदलते, याचे पहिले उत्तर इतिहासच देतो. स्कॉटलंडमध्ये पूर्वी गोल्फचा चेंडू कातड्याचा असे आणि त्यात उकडलेली पिसे ठासून भरलेली असत. एक चेंडू बनवायला कुशल कारागिराचा बराच वेळ जाई, म्हणून तो महाग असे, आणि पावसात भिजला की निकामी होई. १८४८ च्या सुमारास मलायातून येणाऱ्या गटापर्चा या चिकाचे चेंडू निघाले. हे झाड आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातले आहे. हा चेंडू स्वस्त होता, टणक होता आणि पावसाला भीत नव्हता. सेंट अँड्रूज गावी अॅलन रॉबर्टसन नावाचा त्या काळातला अग्रगण्य खेळाडू पिसांच्या चेंडूचा धंदा करी. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस काम करत होता. मॉरिस एकदा नव्या चेंडूने खेळताना धन्याच्या दृष्टीस पडला, आणि त्यावरून दोघांचे बिनसले. मॉरिस १८५१ साली प्रेस्टविकला निघून गेला. त्याच प्रेस्टविकला १८६० साली पहिली ओपन स्पर्धा झाली. आणि रॉबर्टसन? कालांतराने तोही नवे चेंडू करू लागला.

या गोष्टीतला पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. चेंडू टणक झाला आणि जुन्या लांबट, नाजूक मानेच्या लाकडी काठ्यांना त्याचा हादरा सोसेना. त्यांची डोकी तडकू लागली. मग डोकी आखूड आणि जाड झाली, तोंडावर चामड्याची पट्टी बसवण्यात येऊ लागली. पुढे अमेरिकेतून पर्सिमन नावाचे लाकूड आले. हा पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचा चुलतभाऊ. ज्या झाडाच्या पानांत आपण विडी वळली, त्याच्या भावाच्या लाकडाने साऱ्या जगाने गोल्फचे टोले मारले. दांडे हिकरी लाकडाचे होते, ते पोलादाचे झाले; ब्रिटनच्या नियामक संस्थेने १९२९ साली त्याला मान्यता दिली. म्हणजे काठी बदलली ती हौसेखातर नव्हे. चेंडू बदलला, लाकूड मिळेनासे झाले किंवा नवे लाकूड मिळाले, परिस्थिती बदलली, म्हणून काठी बदलली.

१९७९ साली गॅरी अॅडम्स या गृहस्थाने टेलरमेड ही कंपनी काढून पोलादी डोक्याचा ड्रायव्हर विकायला आणला. धातूचा असूनही लोक त्याला थट्टेने पिट्सबर्गचे पर्सिमन म्हणत, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचे गाव. १९९१ साली कॅलवे कंपनीचा बिग बर्था आला; पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचे नाव त्याला दिले होते. १९९५ साली त्याचा थोरला भाऊ टायटॅनियम धातूत आला. मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवले आहे, तेव्हा इथे मला दोन मिनिटे जास्त द्यावीत. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे साठ टक्के, पण बळ भरपूर. त्यामुळे तेवढ्याच वजनात डोके मोठे करता येते आणि तोंडाचा पत्रा तीनेक मिलिमीटरपर्यंत पातळ करता येतो. हा पातळ पत्रा टोल्याच्या क्षणी किंचित आत दबतो आणि पुन्हा उसळतो. चेंडू भिंतीवर आपटला तर तो स्वतःच चेपतो, आणि त्या चेपण्यात शक्ती वाया जाते. तोंड थोडे दबले तर चेंडूला कमी चेपावे लागते, शक्ती कमी वाया जाते आणि चेंडू अधिक वेगाने सुटतो. लाकडाच्या ड्रायव्हरात ही उसळी जवळजवळ नव्हती. टायटॅनियमच्या ड्रायव्हरात ती आली, आणि टोले लांबले.

मग नियमवाल्यांना जाग आली. अमेरिकेच्या संस्थेने १९९८ साली या उसळीवर मर्यादा घातली, आणि २००८ पासून ती सर्वत्र लागू झाली. डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरवर बांधले गेले. टोला मध्यापासून ढळला तर डोके किती कमी वळावे, यालाही सीमा घालण्यात आली. श्रोतेहो, या मर्यादेतच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. गेली पंधरा-वीस वर्षे प्रत्येक चांगला कारखानदार या कमाल मर्यादेला टेकूनच ड्रायव्हर बनवतो आहे. ज्या भांड्यात शेरभरच दूध मावते, त्यात दरवर्षी नवा गवळी अधिक दूध कोठून घालणार? तोंडाच्या अगदी मध्यावर बसलेल्या टोल्याला दहा वर्षांपूर्वीचा उत्तम ड्रायव्हर आणि यंदाचा उत्तम ड्रायव्हर यांत फार मोठे अंतर असू शकत नाही. सुधारणा झाली आहे, नाही असे नाही. पण ती मुख्यतः मध्य चुकलेल्या टोल्यांत आणि खेळणाऱ्याला डोके जुळवून घेता येण्यात झाली आहे. जाहिरातीत मात्र दरसाल दहा यार्ड वाढतात. या हिशेबाने एव्हाना आमचे चेंडू शेजारच्या तालुक्यात पडायला हवे होते.

इथे मी जॅक निकलसची आठवण सांगतो. १९६३ साली अमेरिकेत डॅलसला पीजीए स्पर्धेच्या वेळी लांब टोल्यांची चढाओढ झाली. निकलसने लाकडी डोक्याच्या, आजच्यापेक्षा आखूड ड्रायव्हरने ३४१ यार्ड १७ इंच चेंडू मारला. आज माझ्यासारख्याच्या हाती त्याहून कितीतरी पटींनी प्रगत हत्यार आहे, आणि माझा चेंडू त्याच्या निम्म्यावर येऊन विश्रांती घेतो. हत्याराला मोल आहे. पण हत्यार धरणाऱ्याची वजाबाकी करून ते मोल काढता येत नाही.

तर मग ड्रायव्हर बदलायचाच नाही काय? तसे मी म्हणत नाही. बदलण्याची खरी कारणे आहेत, ती मी चार सांगतो.

पहिले कारण मोडतोडीचे. धातू थकतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा ड्रायव्हरच्या तोंडाचा पत्रा हजारो टोल्यांनंतर थकतो. त्यात केसासारखी चीर पडते. पहिली सूचना डोळ्यांना नव्हे, कानांना मिळते. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो. चांगल्याचा आवाज आणि चिरलेल्याचा आवाज एक नसतो, तसेच हे. एके दिवशी नेहमीचा खणखणीत नाद जाऊन बद्द आवाज येऊ लागला, तर तोंडावर आणि माथ्याच्या कडेला बारीक रेघ शोधावी. दुसरी परीक्षा पट्टीची. ड्रायव्हरचे तोंड मुळात किंचित फुगीर असते. त्याच्यावर सरळ पट्टी ठेवली आणि मध्ये फट दिसली, तर तोंड आत गेले असे समजावे. अशा ड्रायव्हरची सेवा संपली. मात्र डोक्यात काही खुळखुळत असेल तर घाबरू नये. बहुधा आतल्या डिंकाचा तुकडा सुटलेला असतो, तो काढता येतो. आणि मूठ गुळगुळीत झाली असेल तर मूठ बदलावी, ड्रायव्हर नव्हे. छत्रीचा दांडा सैल झाला म्हणून कोणी नवी छत्री घेत नाही. निदान आमच्या लहानपणी घेत नसत.

या थकण्यात एक चमत्कार आहे. पत्रा मोडण्याआधी काही काळ अधिक उसळू लागतो. दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो म्हणतात, तसाच हा प्रकार. म्हणून मोठ्या स्पर्धांच्या वेळी खेळाडूंचे ड्रायव्हर तपासतात. एक लहान पोलादी गोळा लंबकासारखा तोंडावर आदळवून तो किती काळ चिकटून राहतो हे मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची. वर १८ ची सवलत. २०१९ साली रॉयल पोर्टरशच्या ओपन स्पर्धेत झँडर शॉफेलेचा ड्रायव्हर या परीक्षेत नापास झाला. २०२५ च्या पीजीए स्पर्धेच्या आठवड्यात रॉरी मॅकिलरॉयचा नापास झाला आणि स्कॉटी शेफलरचाही झाला. शेफलरने ते स्वतःच सांगितले. यात कोणाची लबाडी नव्हती. हत्यार वापराने झिजून सीमेपलीकडे गेले होते. शेफलरने दुसरा ड्रायव्हर घेतला आणि ती स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकली. म्हणजे ज्या काठीवाचून आपले चालणार नाही असे वाटते, तिच्यावाचूनही चालते. पण एवढ्या वेगाने आणि एवढे चेंडू मारणारे लोक निराळे. रविवारी सकाळी चौदा वेळा ड्रायव्हर उचलणाऱ्या माझ्यासारख्याने आपला ड्रायव्हर थकला असे म्हणणे, हे दिवाळीला एकदा वाजवलेल्या पेटीचे सूर झिजले म्हणण्यासारखे आहे.

दुसरे कारण नियमाचे. आपला ड्रायव्हर आजच्या नियमात बसत नसेल आणि आपण स्पर्धेत उतरत असू, तर तो बदलला पाहिजे. याच्या जोडीला एक गंमतीचा नियम सांगतो. खेळ चालू असता काठी मोडली तर २०२३ च्या नियमाप्रमाणे दुसरी घेता येते. मात्र ती आपण रागाने आपटून मोडलेली असता कामा नये. संसारातही हा नियम लागू करण्यासारखा आहे.

तिसरे कारण मूळ निवडच चुकल्याचे. काठी चांगली असते, पण ती आपली नसते. कोणी भेट दिलेली असते, कोणी सेवानिवृत्त होताना स्वस्तात देऊन गेलेला असतो. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा कितीही भारी कापडाचा असला तरी खांद्यात आवळतोच.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि कबूल करायला सर्वांत अवघड. काठी तीच असते. माणूस बदललेला असतो. हे कारण मी माझ्याच उदाहरणाने सांगणार आहे.

मी चौतिसाव्या वर्षी एका सहकाऱ्याच्या नादाने छावणीच्या मैदानावर जाऊ लागलो. माझा ड्रायव्हर नऊ अंश लॉफ्टचा आणि ताठ दांड्याचा होता. जोरकस हाताच्या माणसाला तसाच लागतो, आणि त्या काळी माझा हात जोरकस होता. दोनशेदहा यार्ड माझा चेंडू सहज जाई. साठी उलटली आणि तो दोनशेवर आला, मग एकशेनव्वदवर, मग एकशेऐंशीवर. मी काय केले? प्रथम जोर वाढवला. परिणाम असा झाला की एका सकाळी पाठीत कळ आली आणि दीड महिना अंथरुणावर काढावा लागला. डॉक्टरांनी विचारले, "एवढे काय उचलत होता?" दोनशे ग्रॅमचे डोके, असे सांगायची मला लाज वाटली.

बरा झाल्यावर मी दोष काठीला दिला. अर्ध्या लाखाच्या घरात जाणारा नवा कोरा ड्रायव्हर आणला. दुकानातल्या मुलाने विचारले, "सर, लॉफ्ट किती देऊ?" मी ताठ मानेने सांगितले, "नऊ." दांडा? "ताठ." बारा अंश आणि मऊ दांडा म्हणजे म्हाताऱ्यांची काठी, अशी आमच्या मंडळींत समजूत होती, आणि मला ती घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे नव्हते. पहिले पंधरा दिवस चेंडू उत्तम गेला. नव्या सुनेचे पहिले पंधरा दिवस कौतुकाचेच असतात. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा एकशेऐंशीवर. मैदानावर माझ्या काठ्या वाहणारे कॅडी वयाने माझ्याएवढेच. मी त्यांना दादा म्हणतो. ते बराच वेळ गप्प होते. अखेर म्हणाले, "सर, काठी नवी हाय, पर हात जुनंच हायेत की." मला राग आला. धातुशास्त्राच्या माणसाला ड्रायव्हर शिकवणारे हे कोण? पण घरी येईपर्यंत राग उतरला आणि त्याची जागा शंकेने घेतली.

मग मी जे पूर्वीच करायला हवे होते ते केले. चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारे यंत्र एका शिक्षकाकडे होते, तिथे गेलो. जुना ड्रायव्हर आणि नवा ड्रायव्हर, दोन्ही नेले. पाच चेंडू एकाने, पाच दुसऱ्याने, असे आलटून पालटून मारले. नीट बसलेल्या टोल्यांत दोघांतला फरक निघाला तीन यार्डांचा. अर्धा लाख रुपये भागिले तीन, हा भागाकार मी आपल्यासमोर करत नाही. माझ्या काठीचा वेग निघाला ताशी ब्याऐंशी मैल. तरुणपणी तो पंचाण्णवच्या आसपास असावा. वेगाचा एक मैल गेला की साधारण अडीच यार्ड जातात. शिक्षक म्हणाले, "सर, तुमचा चेंडू फार खालून सुटतो. वेग कमी झाला की चेंडूला हवेत टिकायला अधिक उंची लागते, म्हणजे लॉफ्ट वाढवावा लागतो." त्यांनी चार वर्षांपूर्वीचा, कोणी तरी वापरून विकलेला, बारा अंशाचा आणि मऊ दांड्याचा ड्रायव्हर माझ्या हाती दिला. चेंडू बारा यार्ड पुढे पडू लागला. किंमत नव्याच्या एक तृतीयांशाहून कमी. पाठीला ताण नाही. आणि माझ्या काठीवर "बारा" हा आकडा आहे, हे आजवर एकाही सोबत्याच्या लक्षात आलेले नाही. प्रत्येक जण आपापल्या आकड्याच्या काळजीत असतो.

श्रोतेहो, चाळिशी आली की आपण चष्मा बदलतो. जुन्या चष्म्याची काच झिजलेली नसते. डोळा बदललेला असतो. चष्म्याचा नंबर वाढवून घेताना कोणी आपला पराभव झाला असे मानत नाही. उलट वर्तमानपत्र पुन्हा स्वच्छ वाचता येते याचा आनंद होतो. मी मात्र ड्रायव्हरचा नंबर वाढवायला तीन वर्षे घेतली, आणि त्यात पैसा, पाठ आणि खेळाचा आनंद तिन्ही घालवले. मला ड्रायव्हर बदलणे जरूर होते. पण ज्या कारणासाठी मी तो बदलत होतो ते कारण खोटे होते, आणि ज्या कारणासाठी बदलायला हवा होता ते मला ऐकायचे नव्हते.

म्हणून आता व्यवहाराचे चार शब्द सांगतो. ड्रायव्हर बदलावासा वाटला तर प्रथम तोंडावर अंगाला लावायची साधी पावडर फासावी आणि वीस चेंडू मारावेत. प्रत्येक चेंडूचा ठसा उमटेल. ठसे सगळ्या तोंडभर विखुरलेले असतील, तर पैसे दुकानदाराला देऊ नयेत, शिक्षकाला द्यावेत. ठसे एके ठिकाणी पण मध्यापासून बाजूला असतील, तर दांड्याची लांबी किंवा आपली उभे राहण्याची जागा तपासावी. ठसे मध्यावर असूनही चेंडू जाईना, तर मात्र काठी आणि आपण यांचा मेळ तुटला आहे असे समजावे. नवी काठी पाहताना जुनी बरोबर न्यावी; त्याच दिवशी, त्याच चेंडूंनी, आलटून पालटून मारावे. सर्वांत लांब गेलेला एक चेंडू विसरून जावा. तोच चेंडू माणसाला फसवतो, कारण घरी जाताना तेवढाच आठवतो. सरासरी पाहावी, आणि चेंडू डावी-उजवीकडे किती पसरले ते पाहावे. आठ यार्ड लांब जाणारा पण दहांतून दोनदा झाडीत शिरणारा ड्रायव्हर हा फायद्याचा सौदा नव्हे. आणि ज्या आठवड्यात खेळ बिघडला असेल त्या आठवड्यात काहीही विकत घेऊ नये. संतापलेल्या माणसाने पत्र लिहू नये आणि हरलेल्या माणसाने दुकानात जाऊ नये.

लांबीचा मोह फार वाईट. टोकियोची ऑलिंपिक स्पर्धा २०२१ साली झाली, ती आपल्याला आठवत असेल. त्या चार दिवसांत आपल्यापैकी कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला. बंगळूरची अदिती अशोक साठ खेळाडूंत चौथी आली. तिचे पदक एका फटक्याने हुकले. ड्रायव्हरने सर्वांत कमी लांब मारणाऱ्या मुलींत तिची गणना होत होती. पण ती आपली लांबी जाणून होती, आणि पुढचा टोला व ग्रीनवरचा शेवटचा अलगद फटका यांनी तिने ती उणीव भरून काढली. आपली मर्यादा ज्याला नेमकी ठाऊक आहे, त्याच्या हातातली काठी खोटे बोलत नाही.

आता माझ्या त्या महागड्या नऊ अंशी ड्रायव्हरचे काय झाले, ही शंका काही हिशेबी श्रोत्यांच्या मनात असेल. सोमवारी आमच्या मैदानावर सभासद नसतात. त्या दिवशी कॅडींना आणि त्यांच्या मुलांना खेळू देतात. दादांचा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याचा हात विजेसारखा फिरतो. आजवर तो सभासदांनी टाकून दिलेल्या, कोणाच्याही मापाच्या नसलेल्या काठ्यांनी खेळत आला. एका सोमवारी मी तो ड्रायव्हर त्याच्या हाती दिला. त्याने पहिला चेंडू मारला तो मला पडताना दिसलाच नाही. दादा माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "सर, काठीला बी आता हात गावला."

तेव्हा मला कळले की मी इतके दिवस त्या काठीला नावे ठेवत होतो, पण तिच्यात काहीच दोष नव्हता. ती माझ्याकडे चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पत्रासारखी पडून होती. हत्यार बदलताना म्हणूनच तीन प्रश्न विचारावेत. हे मोडले आहे काय? मी बदललो आहे काय? आणि जे मी खाली ठेवतो आहे ते कोणाच्या हातात शोभेल? पहिल्याचे उत्तर पट्टीने आणि कानाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर यंत्राने मिळते, पण ते ऐकायला धैर्य आपले लागते. तिसऱ्याचे उत्तर मिळाले, तर बदलण्यात दुःख उरत नाही.

घरी जाताना रिक्षाचा ड्रायव्हर मात्र तोच ठेवा. त्याच्याविरुद्ध मी काहीही बोललेलो नाही.